परसातले तापमान

आकडा निघाला, एक हजार आठशे अडुसष्ट, आणि तिने तो तीनदा पडताळला. पहिल्यांदा सवयीने, दुसऱ्यांदा नियमाने, आणि तिसऱ्यांदा, खरे सांगायचे तर, तो चुकला असावा या आशेने. तो चुकला नव्हता. खिडकीबाहेर नगरपालिकेच्या आवारातला नळ ठिबकत होता. टेबलावर पसरलेल्या नकाशावर तिच्या कोपराचा ओलसर ठसा उमटला होता. समोर बसलेल्या नगर अभियंत्याने चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत उपडा ठेवला आणि विचारले, "किती?"

"अठराशे अडुसष्ट मीटर."

"आणि आपल्याकडे जागा?"

"अठराशे चाळीस."

"म्हणजे अठ्ठावीस मीटर कमी." त्याने नकाशाच्या पूर्व टोकावर बोट ठेवले, मग जणू चटका बसल्यासारखे उचलले. "मॅडम, हे घर तुमचं ना?"

"नगरपालिकेचं आहे. राहतात माझे बाबा."

हे तिने पहिल्याच दिवशी लेखी कळवले होते. धावपट्टीच्या टोकाला उभे असलेले एकमेव घर आपल्या वडिलांचे आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला द्यावे, असेही सुचवले होते. नगर अभियंता तेव्हा मोठ्याने हसला होता. "मॅडम, एवढ्याशा गावात नाती बघत बसलो तर गटारसुद्धा खणून व्हायचं नाही. तुम्ही करा. वरच्या कार्यालयातले साहेब पडताळणी करतील, झालं." आणि खरेच, विमानतळांची आखणी करण्यात अठरा वर्षे घालवलेली दुसरी माणसे त्याच्या ओळखीत नव्हती.

काम तसे सरळ होते. जुनी धावपट्टी साडेबाराशे मीटरांची. पंख्याची छोटी विमाने तिच्यावर चाळीस वर्षे सुखाने उतरली. आता गावाबाहेरच्या नव्या कारखान्यांचे मालक स्वतःच्या जेट विमानांनी यायचे म्हणत होते. जेट दिसायला केवढेसे, पण जमीन सोडायला फार दूरवर धावते. किती दूर, हे चार गोष्टी ठरवतात: गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची, धावपट्टीचा उतार, विमानात भरलेले वजन, आणि वर्षातल्या सर्वांत तप्त महिन्याचे रोजचे कमाल तापमान. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवा पंखांना हात देत नाही. मग विमानाला आणखी धावावे लागते. या गावाच्या हिशेबात एका अंशामागे सोळा मीटर. पश्चिमेला नदीची खोल घळ होती, तिकडे सरकायला वाव नव्हता. वाढायचे तर पूर्वेला, आणि पूर्वेला, शेवटची मोकळी सुरक्षापट्टी सोडल्यावर, तारेच्या कुंपणापलीकडे हवामान निरीक्षकाचे क्वार्टर उभे होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परस.

तिचे सगळे बालपण त्या दोन खोल्यांत मावले होते, आणि तरी कधी अपुरे वाटले नव्हते.

*

बाबांना सांगायचे कसे, याची तिने सायकल रिक्षात बसून, मग उतरून चालताना, मग फाटकाशी थांबून, तीन वेगवेगळी वाक्ये जुळवली. एकाचाही उपयोग झाला नाही. बाबा व्हरांड्यात बसून चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळत होते. तिच्याकडे वर न बघताच म्हणाले, "भिंगरी, तुझ्या चालण्यावरून कळतंय. लागतेय ना जागा?"

"बाबा, अठ्ठावीस मीटर."

"अठ्ठावीस म्हणजे स्वयंपाकघर आणि परस."

"अर्धं घर पाडता येत नाही, बाबा."

"ते कळतं गं मला. मी काही बर्फाचा गोळा खाणारं पोर नाही." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि ती दातांनी तोडली. "जेवढी लागते तेवढी लागते. विमान काय मला ओळखतं? त्याला पळायला जागा हवी."

बाबांची निरीक्षकाची नोकरी सहा वर्षांपूर्वी रद्द झाली होती. टर्मिनलच्या छपरावर बसवलेले यंत्र ते काम करील असे ठरले, आणि यंत्र दोन वर्षांत बंद पडले. नगरपालिकेने बाबांना "जागा लागेपर्यंत" राहायची परवानगी दिली होती. आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तिने बाबांना शहरातल्या आपल्या घरी न्यायचा विषय काढला की ते म्हणत, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून आभाळ दिसतं का? फक्त तुकडा दिसतो. मी तुकड्यावर नाही राहू शकत." हा हट्ट नव्हता. पस्तीस वर्षे ज्याने सबंध आभाळ वाचून पोट भरले, त्याला त्याचा तुकडा पुरणार नव्हता. इथून हलवले तर बाबा वाळत जातील हे तिला ठाऊक होते, जसे कुंडीत लावलेले झाड वाळते. लगेच नाही, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

चहा टाकायला ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यासमोरची खिडकी परसात उघडत होती. आधण ठेवून ती बाहेर बघत राहिली, जशी लहानपणी बघायची. परसभर अंथरलेले डांबर दुपारच्या उन्हात थरथरत होते. त्या काळ्या थरथरीच्या मधोमध, चार पायांवर, झडपांची पांढरी पेटी उभी होती. आत तापमापक. बाबा अजूनही रोज साडेपाचला त्यातली कमाल नोंद वाचत आणि स्वतःच्या वहीत लिहीत. कुणी मागत नसले तरी.

पाणी उकळून भांड्याबाहेर आले तेव्हा ती भानावर आली.

पेटी डांबरावर होती.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारले असते तरी त्याने सांगितले असते की तापमापकाची पेटी मोकळ्या गवतावर असते, भिंतींपासून दूर, डांबरापासून तर नक्कीच दूर. तिने अठरा वर्षे इतर गावांच्या पेट्या तपासल्या होत्या, फूटपट्टी लावून तपासल्या होत्या, आणि स्वतःच्या घरामागची पेटी तिला कधी खटकली नव्हती. खटकणार कशी? आईच्या कपाळावरचा तीळ कुणाला खटकतो का? काही गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या आधीच आपल्या होऊन बसलेल्या असतात.

आणि याच पेटीतल्या पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून तिने अठराशे अडुसष्टचा आकडा काढला होता.

*

ती अकरा वर्षांची होती तेव्हा आई मागच्या पायरीवरून पडली आणि तिचे कमरेचे हाड मोडले. ते नीट सांधले गेले नाही. त्याआधी संध्याकाळची नोंद आईच घ्यायची. बाबा त्या वेळी टपालाच्या विमानासाठी धावपट्टीवर असत, गुरे हाकलत, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा सोडवत, वैमानिकाला हात करत. त्या वैमानिकाला ती टपालकाका म्हणायची. आई पदर खोचून, हातात वही घेऊन मैदानात चालत जायची, दोनशे पावले. परत येताना आकडा तोंडाने घोकत यायची, तो विसरू नये म्हणून नव्हे, तिला तो आवडायचा म्हणून.

पडल्यानंतर चाकाची खुर्ची आली. पहिल्या दिवशीच तिची चाके परसातल्या मातीत रुतली. आई हसली, पण तोंड फिरवून हसली. त्याच महिन्यात धावपट्टीवर नवे डांबर चढत होते. बाबांनी मुकादमाकडून उरलेली दोन पिंपे मागून आणली आणि मजुरांनी एका दुपारी सगळे परस काळेभोर, गुळगुळीत करून टाकले. दुसऱ्या दिवशी बाबांनी मैदानातली पेटी उचलून परसात आणली आणि तिचे पाय कापले, खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला येईल एवढे.

"आता वाच," ते म्हणाले होते.

आई पुढची सत्तावीस वर्षे वाचत राहिली. सरकारी वहीत निळ्या शाईने, टपोऱ्या, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरांत ती आकडा लिही, आणि त्यापुढे बाबा आपली सही करत. वह्या व्हरांड्यातल्या फळीवर ओळीने होत्या. शेवटची दोन वर्षे, नोकरी संपल्यावरची, साध्या शाळकरी वह्यांत.

तिने चहाचे दोन कप भरले, बाहेर आणले आणि आपला तसाच ठेवला.

"बाबा, पेटी चुकीच्या जागी आहे."

बाबांनी कप तोंडापर्यंत नेला होता. तो तिथेच थांबला.

"डांबर तापतं. पेटीतली हवा तापते. तिथले आकडे खरे असतात त्यापेक्षा जास्त येतात. पावणेदोन अंश जरी जास्त येत असले तरी अठ्ठावीस मीटर वजा होतात. घर वाचतं."

तिला वाटले होते की ते सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यांनी कप खाली ठेवला. हळू, अगदी आवाज न करता.

"म्हणजे तिने सत्तावीस वर्षं चुकीचं लिहिलं, असं म्हणायचंय तुला?"

"आईनं नाही हो. जागेनं."

"वहीत जागा लिहीत नाही. वहीत तिचं अक्षर आहे." ते उठले. "एक अंश सोडून दे, तिने कधी एक दशांश वाढवला नाही. ताप असताना वाचलंय तिने. पुढच्या वेळी मोठ्या कार्यालयातून आलीस की आधी चप्पल काढ, मग माझ्या बायकोच्या चुका काढ."

दार आपटले नाही त्यांनी. आपटले असते तर बरे झाले असते.

*

सकाळी ती उठली तेव्हा बाबा घरात नव्हते. व्हरांड्यातून बघितले तर मैदानात, दूर, एक वाकलेली आकृती गवतात काही शोधत होती. ती धावत गेली. बाबा गुडघ्यावर बसून हातांनी गवत उपटत होते. मातीत सिमेंटच्या चार चौकोनी बैठका उघड्या पडल्या होत्या. एकतीस वर्षांपूर्वी पेटीचे पाय ज्यांत रोवलेले होते, त्या.

"दुसरी पेटी मिळेल का तुझ्या कार्यालयाकडून?" त्यांनी विचारले. आवाज कोरडा होता.

"मिळेल. दोन तपासलेले तापमापकही मिळतील."

"मग लाव इथे. तीन आठवडे. एकाच वेळी दोन्हीकडे वाचू. ती बरोबर होती हे मी तुला दाखवतो."

नगर अभियंत्याला आणि वरच्या कार्यालयातल्या साहेबांना तिने सगळे कळवले. साहेबांचे उत्तर दोन ओळींचे होते: किमान एकवीस दिवसांच्या जोडनोंदी असल्यास फरक ग्राह्य धरता येईल, नोंदींवर वाचणाऱ्याची सही असावी. नगर अभियंता फोनवर म्हणाला, "मॅडम, म्हणजे आता घर पाडायचं की नाही ते पारा ठरवणार? बरंय, निदान पारा नगरसेवकांसारखे फोन तरी करत नाही."

पहिल्या दिवशी दोन्ही नवे तापमापक एकाच बादलीच्या पाण्यात बुडवले. दोन्हींनी दशांशापर्यंत एकच आकडा दाखवला. एक परसातल्या पेटीत गेला, एक मैदानातल्या. आणि मग त्या वर्षातला सर्वांत तप्त महिना सुरू झाला असताना, बाप आणि लेक यांच्यात एक विचित्र स्पर्धा लागली. रोज साडेपाचला दोघे आधी परसात, मग दोनशे पावले चालून मैदानात जात. फरक जास्त आला तर घर राहणार होते, म्हणून ती फरकाची वाट बघायची. फरक कमी आला तर आईचे आकडे राहणार होते, म्हणून बाबा त्याच्या उलट. घर जाईल याचे त्यांना काहीच नव्हते असे नाही. पण त्यांना दोन्हींतून एक निवडायचे होते, आणि त्यांनी न बोलता निवडले होते.

पहिले चार दिवस वारा होता. फरक एक पूर्णांक एक, शून्य पूर्णांक नऊ, एक पूर्णांक तीन, एक. बाबा खुशीत आले. चालताना गुणगुणू लागले.

"बघितलंस? एक अंश. एवढं तर तुझ्या कार्यालयातल्या पंख्याखालीही इकडचं तिकडे होतं."

"अजून सतरा दिवस आहेत, बाबा."

"असू देत. सतरा काय, सत्तर असू देत."

सहाव्या दिवशी आभाळ ढगाळले आणि फरक फक्त शून्य पूर्णांक चार आला. परत येताना ती हळूच म्हणाली, "आजचा दिवस धरायला नको. असा ढगाळ दिवस या महिन्यात क्वचित येतो. सरासरी बिघडते."

बाबा थांबले. "तुझ्या आईनं ढगाळ दिवस वगळले होते का?"

"नाही."

"मग? तुला पाहिजे ते दिवस ठेवायचे आणि नको ते टाकायचे, याला मोजणं म्हणत नाहीत. याला भाजी निवडणं म्हणतात."

तिने तो दिवस लिहिला. सही करताना तिचे कान लाल झाले होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने आकड्याशी लबाडी करायचा विचार केला होता, आणि तो विचार इतक्या सभ्य कपड्यांत आला होता की तिला तो ओळखूही आला नव्हता.

आठव्या दिवसापासून वारा पडला. पाने हलेनात. फरक दोन पूर्णांक दोन झाला, दोन पूर्णांक पाच झाला. बाबांचे गुणगुणणे थांबले. आता ते परसातल्या पेटीपाशी जरा जास्त वेळ वाकून राहत. आकडा बदलेल म्हणून नव्हे. एकदा तिने पाहिले, वाचून झाल्यावर त्यांनी पेटीच्या दाराच्या कडेवर अंगठा फिरवला. तिथला पांढरा रंग एका जागी गुळगुळीत झिजलेला होता, बसल्या माणसाचा हात जिथे पोहोचतो तिथे.

चालता चालता ते बोलूही लागले, तुकड्यातुकड्यांनी. टपालकाकाचे विमान अजून नदीपलीकडे असतानाच आई ओट्याशी म्हणायची, आज त्याचं डावं इंजिन खोकतंय. आणि उतरल्यावर टपालकाका खरेच डाव्या इंजिनाचे झाकण उघडून उभा राहायचा. "मी पगारी निरीक्षक," बाबा म्हणाले, "आणि खरी निरीक्षक घरात. मला ढग दिसायचे, तिला ऐकू यायचे."

"तुम्ही तिला कधी सांगितलंत हे?"

"वेड लागलंय? डोक्यावर बसली असती." आणि मग बऱ्याच पावलांनंतर, "सांगायला हवं होतं."

*

चौदाव्या दिवशी तिला नगरपालिकेच्या सभेला जावे लागले. सभा लांबली. कारखानदारांच्या प्रतिनिधीने विचारले की धावपट्टी दोन हजार मीटर का करत नाही, म्हणजे कटकट मिटेल; तिने उत्तर दिले की नदीला तसे विचारून बघावे लागेल. हशा झाला. घड्याळात साडेपाच वाजून गेले. आज बाबा एकटे वाचणार होते. त्यांचे डोळे अधू होते, आणि ते एकटे होते, आणि त्यांना काय हवे होते ते तिला माहीत होते. मैदानातला आकडा एक अंशाने वाढवून लिहिला असता तर कुणालाही, तिलाही, कधी कळले नसते. आजवरची सरासरी काठावर होती. एका दिवसाने ती इकडची तिकडे झाली असती. सहाव्या दिवशी आपण काय करायला निघालो होतो ते आठवून तिला त्यांच्यावर रागावण्याचा हक्कही उरला नव्हता.

ती पोहोचली तेव्हा बाबा व्हरांड्यात नव्हते. वही स्टुलावर उघडी होती, वर पेन आडवे. परस: एकोणचाळीस पूर्णांक आठ. मैदान: छत्तीस पूर्णांक सात.

तीन पूर्णांक एक. एकवीस दिवसांतला सगळ्यांत मोठा फरक पुढे तोच ठरणार होता. आकडा स्पष्ट होता, आणि खाली सही पूर्ण नावाची होती. एरवी ते फक्त आद्याक्षरे करत.

बाबा परसात होते. आईच्या जागी नव्हे, पायरीवर बसले होते. उघड्या तळव्याने त्यांनी डांबर चाचपून पाहिले आणि हात उचलला.

"अजून चटका बसतो," ते म्हणाले. "ऊन जाऊन दोन तास झाले तरी. तेव्हा कसं गं कळलं नाही मला? माझं कामच ते होतं."

ती शेजारी बसली.

"खुर्ची रुतत होती, बाबा."

"हो. खुर्ची रुतत होती." त्यांनी मान हलवली. "तेवढंच दिसत होतं मला."

*

एकवीस दिवसांची सरासरी बरोबर दोन अंश आली. सोळा दुणे बत्तीस. अठराशे अडुसष्टमधून बत्तीस गेले, अठराशे छत्तीस उरले. सुरक्षापट्टीसकट धावपट्टी क्वार्टरच्या कुंपणाच्या चार मीटर अलीकडे संपत होती. तिने बेरीज कागदावर केली, यंत्रावर केली, आणि या वेळी चौथ्यांदाही केली, कारण आता चूक निघू नये अशी तिची इच्छा होती, आणि अशा इच्छेवर विश्वास ठेवू नये हे ती नुकतेच शिकली होती.

अहवालाला निरीक्षकाचे निवेदन जोडायचे होते. तिने मसुदा वाचून दाखवला.

"'प्रशासकीय सोयीकरिता पेटीचे स्थलांतर करण्यात आले.'"

"कसलं प्रशासन?" बाबा म्हणाले. "मी, ती आणि चाकाची खुर्ची. तीन जणांचं प्रशासन?"

"अहवालात असंच लिहितात, बाबा."

"खोटं लिहितात. खोड ते. लिही, निरीक्षकाच्या पत्नीला मैदानापर्यंत चालता येत नव्हतं म्हणून निरीक्षकानं, कुणालाही न विचारता, पेटी परसात आणली. नोंदी पत्नी घेत असे. तिने वाचलेला प्रत्येक आकडा त्या जागी खरा होता. जागा निरीक्षकानं चुकवली."

"साहेब हसतील."

"हसू देत. नाहीतर सही नाही."

तिने तसेच लिहिले. नगर अभियंत्याने ते उभ्या उभ्या वाचले, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचले. तो हसला नाही. "काका," तो म्हणाला, "नोकरीत असता तर या कबुलीवर तुम्हाला मेमो द्यावा लागला असता."

"द्या की साहेब. पस्तीस वर्षांत एक नाही मिळाला. फ्रेम करून लावतो."

आठवड्याभरात वरच्या कार्यालयाची मंजुरी आली. लांबी अठराशे छत्तीस मीटर. क्वार्टर हलवण्याची आवश्यकता नाही. आणि खाली एक कलम, जे तिच्या ध्यानीमनी नव्हते: दुरुस्तीचा आधार म्हणून मूळ नोंदवह्या, खाजगी वह्यांसह, कायमस्वरूपी जतनासाठी मुख्य कार्यालयात जमा कराव्यात.

ती फोनवर बरेच बोलली. नियम नियम होता. ज्या वह्यांवरून एक घर राहिले त्या उद्या कुणीही तपासायला मागितल्या तर दाखवता आल्या पाहिजेत, आणि हे तिला स्वतःला नाकारता येत नव्हते. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तिनेही हेच कलम घातले असते.

"मी सगळ्यांच्या झेरॉक्स काढून आणते," ती बाबांना म्हणाली.

"झेरॉक्समध्ये निळी शाई काळी होते गं."

"रंगीत काढते."

"काढ." त्यांनी फळीवरून पहिली वही उचलली, फुंकर मारली, पण उघडली नाही. "घर ठेवलंत, भिंगरी. आतलं सामान नेताय."

तिने दुसरी वही उचलली आणि फडक्याने पुसायला घेतली. दोघांनी मिळून सगळ्या वह्या वर्षांप्रमाणे लावल्या, पाच-पाचचे गठ्ठे बांधले. बाबांनी प्रत्येक गाठ स्वतः मारली, सुटायला सोपी अशी, कुणी वाचायला घेतली तर त्याला त्रास होऊ नये म्हणून.

कार्यालयाची जीप दुपारी आली. चालकाने गठ्ठे मागच्या बाकावर रचले, ते पडू नयेत म्हणून दोरीने बांधले, आणि पाणी पिऊन निघाला. गावाकडचा रस्ता खणलेला असल्याने त्याला धावपट्टीच्या कडेने, पश्चिमेच्या फाटकातून जायची परवानगी होती. दोघे कुंपणाशी उभे राहिले. जीप पांढरी होती. उन्हात आधी तिची चाके विरघळली, मग ती सगळीच थरथरू लागली. जुने साडेबाराशे मीटर ओलांडायला तिला बराच वेळ लागला.

"एवढी लांब आहे ही?" बाबा डोळ्यांवर हात धरून म्हणाले. "मला कधी वाटली नाही."